काळवंडलेली चांदी

चांद्रवसाहतीच्या प्रयोगशाळेत हेमलता सोनटक्के जुन्या प्राणवायूमापकासमोर बसली होती. मोजमापाची श्रेणी बदलणाऱ्या निवडचक्रीचे चांदीचे संपर्कबिंदू तिने द्रावकाने पुसले होते, वंगणाचा पातळ हात फिरवला होता. काम साधंच. पण एकवीस टक्क्यांवरचा काटा उडी मारून चोवीसवर गेला होता.

"भिंतीवरचे सहाही मापक एकवीस दाखवतायत," प्रमुख डॉ. वाघमोडे म्हणाले. "तुमचं हे म्हातारं यंत्र बिघडलंय. काटा खाली आणा. दहा मिनिटांत ढोबळे पलीकडे वेल्डिंग सुरू करतील."

"सर, त्या सहांना शिकवलं कोणी? दर वर्षी आपण ते याच्याशीच जुळवतो. चांदी काळवंडली की संवेदकाचा प्रवाह अडतो, काटा कमी दाखवतो. मग तेही कमी दाखवायला शिकतात आणि हवेची यंत्रणा बिचारी कमी पडला समजून प्राणवायू सोडत राहते."

वाघमोड्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे हवेत खरंच चोवीस टक्के?"

"एक ठिणगी पडली, तर अंगावरचे कपडे कापरासारखे पेटतील."

वाघमोड्यांनी झडप घालून फोन उचलला. "ढोबळे, थांबा! काही पेटवू नका!"

"तीन वर्षांनी हातात काम दिलंत साहेब," पलीकडून कोरडा आवाज आला, "तेही काढून घेताय?"

तीन वर्षांपूर्वी वेल्डिंगच्या वेळी लागलेल्या आगीत ढोबळ्यांचा जोडीदार सुर्वे गेला होता. चौकशीत सगळे मापक एकवीस म्हणाले आणि निष्काळजीपणाचा ठपका ढोबळ्यांवर बसला.

हेमलताने आजची नोंद करायला या यंत्राच्या देखभालीची वही उघडली. वरचीच नोंद मागच्या सफाईची होती, आगीच्या बारा दिवस आधीची: 'संपर्कबिंदू साफ केले. काटा चोवीसवर गेला. स्क्रू फिरवून इतरांशी जुळवला. एकवीस.' अक्षर तिचं होतं.

स्वच्छ झालेल्या मापकाला त्या दिवशी तिनेच खोटं बोलायला लावलं होतं. तो स्क्रू अजून तसाच होता, म्हणजे आजचे चोवीसही कमीच. खरा आकडा सत्तावीसच्या पुढे होता.

तिने वाघमोड्यांच्या हातातून फोन घेतला.

"ढोबळेकाका, हेमलता बोलतेय. सगळ्यांना बाहेरच्या दालनात न्या, एकही बटण दाबू नका. आणि काका... सुर्वे तुमच्यामुळे गेला नाही."



"मग कोणामुळे?"

तिने वही पुढे ओढली आणि ती नोंद मोठ्याने वाचून दाखवली, खालच्या सहीसकट.