खुंट्यांवरचा दांडा

दादाने गाडी उंच करून घेतली ती मला न विचारता. सख्खा धाकटा भाऊ गाड्यांची दुरुस्ती करतो, पण याने शहरातल्या एका चकचकीत दुकानात लांब स्प्रिंगा आणि मोठी चाकं बसवून घेतली. गाडी नीट चालेना, तेव्हा माझी आठवण झाली.

"स्टीयरिंग हातात राहत नाही," तो फाटकातूनच म्हणाला. "खड्डा आला की आपली आपणच वळते. बघ काय ते."

"उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्यावर असंच होणार."

तो हसला नाही. माझ्या विनोदांवर तो कधीच हसत नसे.

दोष मला न वाकताच दिसला. स्टीयरिंग फिरवलं की खालचा एक आडवा लोखंडी दांडा डावीउजवीकडे सरकतो आणि चाकं वळवतो. गाडी वर गेली, चाकं जमिनीवरच राहिली, त्यामुळे तो दांडा तिरका झाला होता. तिरका दांडा प्रत्येक खड्ड्यात चाक ओढतो. त्यावर उपाय म्हणजे नवा, जाड दांडा घ्यायचा आणि तो चाकाच्या सांध्याला खालून न जोडता वरून जोडायचा. मग तो पुन्हा आडवा बसतो.

जुना दांडा बाबांनी स्वतः घडवलेला होता. गाडीही त्यांचीच. ते गेल्यावर गाडी दादाला मिळाली आणि मला ही शेड. वाटणी बाबांनीच सांगून ठेवली होती. जन्मभर त्यांच्याबरोबर ग्रीसमध्ये हात बरबटले मी, आणि गाडी गेली ज्याला साधा पाना धरता येत नाही त्याच्याकडे. मला याचा राग होता. अजून आहे.

काढलेला भाग गिऱ्हाईकाचा, ही बाबांची शिस्त. मी दादाला दांडा दाखवला.

"राहू दे सध्या," तो म्हणाला. "पण फेकू नकोस. बाबांचा आहे."

मी तो मागच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवा ठेवला आणि दादा चक्कर मारायला निघाला. शेडचं फाटक ज्या रस्त्यावर उघडतं तो नाकासमोर दगडाच्या खाणीपर्यंत जातो आणि तिथे एकदम डावीकडे शहराकडे वळतो. मी हात धूत होतो. मागे लोखंड घासल्याचा आवाज झाला. बघतो तर दांडा खुंट्यांवर चार बोटं डावीकडे सरकलेला. माझ्या डोळ्यांदेखत तो हळूच पुन्हा मधे आला.

खुंट्या तिरक्या असतील म्हणून मी पाणसळ लावून पाहिली. बुडबुडा बरोबर मधे होता. पाणसळ हातात असतानाच दांडा उजवीकडे सरकला, परत आला, बराच वेळ बारीक थरथरत राहिला आणि शांत झाला. त्याच क्षणी फाटकात दादाने गाडी थांबवली.

"बरी चालतेय," तो म्हणाला आणि चहाला न थांबता गेला.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. जमिनीला हादरे बसत असतील म्हणून खाणीत चौकशी केली. खाण बंद होती. दांडा उतरवून तपासला, पुन्हा ठेवला. तो रोज हलायचा. सकाळी थरथर सुरू व्हायची, मग वळणांमागून वळणं, मग शांत. संध्याकाळी तेच उलट्या क्रमाने. दादाच्या घरी माझं जाणं-येणं नव्हतं, पण त्याची गाडी केव्हा निघते आणि तो ती अंगणात लावताना किती वेळा मागेपुढे करतो, हे मला पाठ झालं. इकडे येणारं ते उजवं वळण आणि त्यानंतरची लांब थरथर मात्र पुन्हा कधी दिसली नाही. का दिसावी? त्याचं काम झालं होतं.

एकदा बायकोला बोलावून दाखवलं. तिने शांतपणे पाहिलं, "वारा असेल," म्हणाली, आणि तेव्हापासून ती माझा चहा दारातल्या स्टुलावरच ठेवू लागली.

मग एका दुपारी दांडा डावीकडे सरकत असताना मी त्यावर हात ठेवला. नुसतं बघावं म्हणून. तो तळहातावर रेटू लागला. मी जोर लावला, तसा त्यानेही लावला. मी दचकून हात काढला. हात पुसतोय तोवर फोन वाजला.

"काय बसवलंयस तू?" दादाचा आवाज कापत होता. "स्टीयरिंग जागच्या जागी अडकलं! दुभाजकावर जाणार होतो मी."

"गाडी घेऊन ये," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तो आला. उजवं वळण, लांब थरथर, शांत. मग फाटकात हॉर्न. मी गाडीखाली शिरून एकेक सांधा हलवून पाहिला. सगळं जिथल्या तिथे, घट्ट होतं.

"काही दोष नाही, दादा."

"म्हणजे मला वेड लागलंय?" तो म्हणाला. "जुना दांडा दे. दुसरीकडे दाखवतो."

काढलेला भाग गिऱ्हाईकाचा. दादाने स्वतःच तो खुंट्यांवरून उचलला, गाडीच्या मागच्या बाजूला आडव्या गजांना टेकवला आणि नायलॉनची दोरी काढली.

"बांधू नकोस," मी म्हटलं. "सैल राहू दे."

"खडखडेल."

"खडखडू दे."

"का?"

मी सांगितलं. खुंट्या, पाणसळ, माझा हात, त्याचा फोन, सगळं. भर उन्हात उभं राहून सख्ख्या भावाला असलं काही सांगताना जीभ जड होते. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"गाडी मिळाली नाही, तर आता हा लोखंडाचा तुकडाही सुटत नाही तुला," तो म्हणाला. "लहानपणापासून तुझं हेच. तुझं ते माझं, आणि माझं ते माझ्या बापाचं."

"दादा, हात जोडतो."

"बाबांनी गाडी मला का दिली, ते कळलं आज."

त्याने दांड्यावर पाय रोवून गाठ आवळली. मी दोरीला हात घातला, तसा त्याने तो झटकला आणि दुसरी गाठ मारली, पहिलीपेक्षा घट्ट.

गाडी फाटकातून सरळ बाहेर पडली.

मी फोन लावला. एकदा वाजला आणि कट झाला. माझा फोन तो नेहमीच कट करायचा. मी पुन्हा लावला.

पुन्हा कट.

खाणीपाशी ब्रेकचे तांबडे दिवे लागलेले मला दिसले. गाडी डावीकडे वळली नाही.

अपघाताच्या तपासणीला आलेला अधिकारी सज्जन होता. नव्या कामात दोष नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. स्टीयरिंगचं चाक मात्र डाव्या बाजूला वाकलं होतं, दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढल्यासारखं. मागचा दांडा तसाच बांधलेला होता, दोन्ही गाठी शाबूत. दोरी जिथे होती तिथे लोखंडात खोल चरे पडले होते.

"नायलॉनने लोखंड कापलं जातं का हो?" त्याने मला विचारलं.

मी नाही म्हटलं. भांडण कशावरून झालं, तेवढं सांगितलं. ते वहिनीच्या कानावर गेलं. एक दिवस ती फाटकाशी आली, आत पाऊल टाकलं नाही. दांडा जमिनीवर ठेवला.

"भावजी, हा हवा होता ना तुम्हाला? घ्या."

ती वळून गेल्यावर मी तो उचलून आत नेला, भिंतीला टेकवला.

गाडी भंगारात गेली. मी तिथे उभा राहून ती कापताना पाहिली. चाकं वेगळी झाली, मी बसवलेल्या नव्या दांड्याचे तुकडे झाले. परत येऊन बाबांचा दांडा खुंट्यांवर ठेवला. टाकून द्यायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो थरथरला. उजवीकडे सरकला, मधे आला. मग खाणीपासून फाटकापर्यंत यायला लागते तेवढी लांब थरथर. मग शांत.

दारात बायकोने चहा ठेवला. तिने स्टुलावर दोन कप ठेवले होते.

जिवंत होता तेव्हा दादा वर्षाकाठी एकदा यायचा, तोही काम असेल तर. आता रोज दुपारी येतो. परत जाताना मात्र दांडा हललेला मी अजून पाहिलेला नाही.