ट्रेमध्ये राहिलेला स्क्रू

चौकात पुढची गाडी अचानक थांबली आणि तिची स्कूटर त्या गाडीच्या डिकीपासून वीतभर अंतरावर कशीबशी उभी राहिली. दुसरं कुणी असतं तर दोन शिव्या हासडून पुढे गेलं असतं. हिने स्कूटर बाजूला घेतली आणि काचेवर टकटक केली.

"तुमचे ब्रेक लाइट लागत नाहीत."

काच खाली आली. आत चष्मा, गोंधळलेला चेहरा आणि बाहीवर खडूची पूड.

"तुम्ही पोलीस?"

"ऑटो इलेक्ट्रिशियन. दुकान त्या कोपऱ्यावर आहे."

"म्हणजे जीव वाचवताय, की गिऱ्हाईक पकडताय?"

"वाचलात तरच गिऱ्हाईक व्हाल ना!"

तो गणिताचा मास्तर निघाला. हायवेने चाळीस किलोमीटर जाऊन हॉस्पिटलातून आईला घरी आणायचं होतं. आई सकाळपासून पिशवी भरून बसली होती, आणि धुकं काही हटायचं नाव घेत नव्हतं.

गाडी दुकानापुढे लागली. हे काम एकट्याचं नसतं. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून बघायचं.

"दाबा... सोडा... आता डावा इंडिकेटर... पुन्हा दाबा."

ब्रेक दाबला की लाल दिवे ढिम्म, आणि पिवळा इंडिकेटर मात्र उगाच मिणमिणत होता. बल्ब बदलले, तरी तेच. मग तिने चिमट्याची एक वायर घेतली, दिव्यांपासून थेट गाडीच्या पत्र्याला जोडली – आणि मागची बाजू लख्ख उजळली.

"अर्थिंग गेलंय," ती म्हणाली. "स्क्रू गंजलाय. करंटला परतीची वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्याच्या घरात घुसतोय."

"माझ्या वर्गातली पोरं असंच करतात," तो आरशातून म्हणाला. "दाबू अजून?"

"मी पुरे म्हणेपर्यंत."

"मग म्हणू नका... मी बसतो."

ती लाजली, आणि ते दिसू नये म्हणून तिने डिकीत डोकं खुपसलं. गंजका स्क्रू काढून पॉलिश पेपरने घासला, ट्रेमध्ये ठेवला, "आता उजवा" म्हणत वर पाहिलं, तर आरशात ते डोळे होतेच. सगळे दिवे लागत होते. तिने डिकी बंद केली. तो हात हलवून गेला, आणि ही दारात उभी राहिली ती राहिलीच.

"वायरबाई," शेजारच्या पंक्चरवाल्या काकांनी हाक मारली, "गाडी जाऊन दहा मिनिटं झाली. आता काय रस्ता बघताय?"

ती हसत आत वळली. ट्रेमध्ये तो स्क्रू होता. घासलेला, चकचकीत.

स्क्रू इथे, म्हणजे गाडीत अजून तो तपासणीचा चिमटाच. एक खड्डा लागला की निसटणार. मग या धुक्यात मास्तर ब्रेक मारणार, आणि मागच्याला काहीच दिसणार नाही...

गिऱ्हाइकांच्या वहीत त्याने लिहिलेला नंबर होता. तिने लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. "उचला ना... उचला –" सात वेळा.

"गाडी चालवताना नसेल उचलत," काका म्हणाले. "शहाणा माणूस दिसतो."

एरवी हा शहाणपणा तिला आवडला असता. आता तिने स्क्रू मुठीत धरला, पाना आणि स्क्रूड्रायव्हर डिकीत टाकले आणि स्कूटर काढली. मास्तर चाळीसच्या वर जात नसेल, एवढीच काय ती आशा.

हायवेवर अर्ध्या वाटेत गर्दी दिसली. आडवा ट्रक, रस्त्यावर काचांचा खच. जवळ जाऊन पाहिलं, तर चेपलेला टेम्पो होता आणि ड्रायव्हर बाजूला पाणी पीत बसला होता. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

मग पुढे मास्तरची गाडी दिसली. वळणावर ती हळू झाली आणि मागे एकही दिवा लागला नाही. गाडीच्या मागून एक ट्रक येत होता.

ती मध्ये घुसली. वेडेपणाच होता तो. एका हाताने हॉर्न, दुसऱ्याने सारखा ब्रेक चेपायचा, म्हणजे ट्रकवाल्याला निदान स्कूटरचा लाल दिवा तरी दिसेल. ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. ती हलली नाही. मास्तरने एकदाचं मागे बघितलं आणि गाडी पेट्रोल पंपावर घेतली.

"फोन का नाही उचललास? सात वेळा केला मी! मागे ट्रक, तुझे दिवे बंद, आणि तू –" रागाच्या भरात 'अहो' केव्हाच मागे पडलं होतं.

"पण दिवे तर तुम्ही..."

तिने मूठ उघडली. "हा लावायलाच विसरले. चूक माझी. आठ वर्षं हे काम करतेय, आजवर एक स्क्रू विसरले नाही."

त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने त्या वळणाकडे वळून पाहिलं.

"मग आज कशा विसरलात?"

धुकं, घाई, काहीही सांगता आलं असतं. पण खोटं बोलण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती.

"तुमच्यामुळे. तुम्ही बघत होतात... आणि मला ते आवडत होतं. हातात काय आहे याचं भानच राहिलं नाही. तुम्हाला काही झालं असतं तर मी –"

त्याने खिशातून फोन काढला आणि दोन पावलं मागे गेला. गेलं सगळं, तिला वाटलं. आता हा आपल्याला गाडीलाच काय, सायकललासुद्धा हात लावू देणार नाही. तिने खाली मान घालून डिकी उघडली. निसटलेला चिमटा कोपऱ्यात लोंबत होता. स्क्रू भोकात बसेना. तिसऱ्या खेपेला बसला. तिने तो आवळला, ओढून पाहिला, पुन्हा आवळला.

मागे तो फोनवर बोलत होता.

"आई, जरा उशीर होईल... नाही, गाडी ठीक आहे. घाबरलो होतो, एवढंच... एकटा नाही गं. एक जण आहे बरोबर." तो थांबला. तिने वळून पाहिलं, तर तो भुवया उंचावून तिलाच विचारत होता, येणार ना? तिने स्क्रूड्रायव्हर धरल्या हातानेच डोळे पुसले आणि मान डोलावली.

"हो, मुलगी आहे," तो फोनमध्ये म्हणाला. "आवडलीये मला."

पलीकडचा आवाज डिकीपर्यंत ऐकू आला. "मग तिथे उभा काय राहिलायस? ये की घेऊन!"