लव्हिनियाने वाचलेले ओठ

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही.

जानेवारी १९१६. ओहायोतलं मॅरिएटा गाव. दुपारी तीनचा खेळ.

मी तिथल्या थिएटरात मूकपटांना पियानो वाजवायचो. माझी धाकटी बहीण लव्हिनिया पहिल्या रांगेत बसायची. लहानपणी तापात तिचे कान गेले होते. पण समोरच्याचे ओठ ती पुस्तकासारखे वाचायची.

त्या दिवशीच्या चित्रपटात एक बाई गोठलेल्या नदीत पडते. हात वर करते. किंचाळते...

"काय काम करते हो!" लोक हुंदके देत म्हणत होते.

लव्हिनियाने माझी बाही ओढली. ती भराभर खुणा करू लागली.

'हे नाटक नाही, दादा. ती म्हणतेय... पाय अडकलाय. कॅमेरा थांबवा. मला वर काढा.'

खेळ संपताच मी मालकांकडे, ग्रबसाहेबांकडे धावलो. ते खो खो हसले.

"अरे वेड्या, आधी नाही का सांगायचंस! उद्या तिला पडद्याशेजारी उभी कर. ती खुणा करेल, तू मोठ्यानं बोल. दारावर पाटीच लावतो, 'खरंखुरं मरण'!"

मी नाही म्हणायला हवं होतं.

म्हटलं नाही.

दुसऱ्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. बाई बुडू लागली. पण लव्हिनियाचे हात हललेच नाहीत.

"बोला की! दातखीळ बसली का?" मागून कुणीतरी ओरडलं.

मी मनचंच ठोकून दिलं. "देवा, माझ्या बाळाला सांभाळ!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

आणि पडद्यावरची बाई... थांबली.

तिने मान वळवली. थेट माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले.

काल हे नव्हतं.

'काय म्हणाली?' मी खुणेने विचारलं. लव्हिनियाने तोंड फिरवलं.

पुढच्या खेळाला पडद्यावर नुसता बर्फ होता. बाई नव्हतीच.

ग्रबसाहेबांनी घाबरून रिळं परत धाडली. कंपनीने म्हणे फिल्मवरची चांदी काढून घ्यायला सगळ्या प्रती नष्ट केल्या. आज त्या चित्रपटाचा एक तुकडाही कुठे नाही.

तेव्हापासून मी बोलू लागलो की लव्हिनिया डोळे घट्ट मिटून घेते. एकदा मी कागद पुढे सरकवला. "का?"

तिने लिहिलं, "तुझे ओठ हलतात, पण शब्द तुझे नसतात, दादा. ती बोलते. काय, ते विचारू नकोस."

एकवीस वर्षं झाली.

बायको म्हणते, माझं बोलणं अगदी नीट ऐकू येतं.

पण आरशासमोर तोंड उघडायची हिंमत मला अजून झालेली नाही...