कडी आतून

अभ्रा नसलेली एक हिरवी उशी.

पायरीवर वाळत घातलेले दोन मोजे, एक लाल, एक करडा.

खोकला. थांबला... परत.

बंद शटरला टेकून झोपलेला एक देखणा माणूस.

मी त्या माणसाकडे वाकले आणि माझ्या कामाच्या मऊ आवाजात म्हणाले, "चला, आमच्या निवाऱ्यात गरम पाणी आहे. कोणी काही विचारणार नाही."

त्यानं एक डोळा उघडला. "जेवणाची सुट्टी आहे हो माझी! आणि घरी आई आहे, ती सगळं विचारते."

शेजारची म्हातारी फिसकन हसली आणि खोकत राहिली. उशी, मोजे, खोकला, सगळं तिचं. तिला सगळे माई म्हणत. शटर मात्र त्याचं. कुलपं दुरुस्त करायचा तो.

मी रोज जायला लागले. माईसाठी — म्हणजे, माईसाठीच. थंडी वाढत होती, खोकला छातीत उतरत होता आणि माई जागची हलत नव्हती.

"आज पण नाही म्हणाली?" तो विचारायचा.

"नाहीच म्हणाली."

"बरं झालं. म्हणजे उद्या पण येणार तुम्ही."

"थट्टा सुचते तुम्हाला? तिला काही झालं तर?"

त्याचा चेहरा उतरला. "रोज सकाळी शटर उघडायच्या आधी मी तिचं पांघरूण हलतंय का बघतो... मगच किल्ली काढतो."

तेव्हापासून मला तो... जाऊ दे.

शेवटी माईच वैतागली. "तुमच्या दाराला कडी कुठून आहे गं?"

मी आठवून पाहिलं. बाहेरून. रात्री राखणदार लावतो, सगळ्यांच्या सुरक्षेसाठी. मी ते दार कायम बाहेरूनच पाहिलं होतं.

"मला घरच्यांनीच कोंडलं होतं एकदा," माई म्हणाली. "गारठून मरेन, पण कोंडून घेणार नाही."

कडी आतून बसवू का, असं विचारलं तर आमच्या व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "नियम म्हणजे नियम." दुसऱ्या दिवशी त्या बाहेर पडताच मी त्याला निवाऱ्यावर बोलावलं. माईही आली, पण अंगणातच थांबली. तो कडी उचकटत होता, माझे कान फाटकाकडे. नोकरी गेलीच म्हणायची!

"लक्ष कुठंय तुमचं?" तो म्हणाला.

"तुमचं काय जातंय? स्क्रू आवरा."

कडी आतल्या बाजूला बसली. "आत जाऊन लावून बघ," तो म्हणाला. तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही.

मी लावली. अंधारलं. मग टकटक.

"कोण?"

"मीच. तू समोर असलीस की जीभ अडकते, म्हणून दाराआडून विचारतो..." तो थांबला. "लग्न करशील माझ्याशी? उघडलंच पाहिजे असं नाही. कडी तुझ्या हातात आहे."

तेवढ्यात फाटक करकरलं. बाई?

"अगं, काय ते ठरव लवकर!" माई ओरडली. "पाय गारठले माझे. मला आत यायचंय!"

मी कडी काढली. फाटकात बाईच होत्या. पण त्यांच्या आधी माई आत शिरली आणि तिनं स्वतःच्या हातानं कडी लावून घेतली. आम्ही दोघं आतच राहिलो.

आमच्या लग्नाला माई हॉलच्या पायऱ्यांपर्यंत आली. आत आली नाही; त्या दाराची कडी बाहेरून होती.