भीडबंद पट्टी

"मी सांगतो त्यावर तुमच्यापैकी एकही माणूस विश्वास ठेवणार नाही," भास्करअण्णा बऱ्हाटे खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "मुक्या वर्गाला फाडफाड फ्रेंच बोलायला लावणारा माणूस या जगात एकच झाला, तो मी!"

साल २०६४. जळगावच्या वृद्धाश्रमात चारचा चहा चालला होता. चाळिशीची सुगंधा कप वाटत होती. महाजन गुरुजींना साखर बंद आहे, हे तिला दोनदा सांगून झालं होतं. आजही चहा गोडच होता. तिसऱ्यांदा बिचारीला कसं सांगायचं, म्हणून गुरुजींनी भिडेखातर तो पिऊन टाकला.

"वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. इथल्या एका नर्सिंग कॉलेजात फ्रेंचचा वर्ग होता. फ्रान्समधलं एक रुग्णालय मुलांना नोकरी देणार होतं, अट एवढीच की मुलाखत फ्रेंचमध्ये. पोरं लिहायची सुंदर, पण बोला म्हटलं की एकतीस माना खाली! देवस्थळी मॅडमनी काय नाही केलं? वाक्याला एक पेढा लावला. वर्गात खोटंखोटं हॉटेल मांडलं. पोरं उपाशी बसली, पण वेटरला हाक मारली नाही. शेवटी मॅडम माझ्या प्रयोगशाळेत आल्या."

"मग?" गुरुजींनी विचारलं.

"माझ्यासोबत मेंदूतज्ज्ञ तडवी होते. ते म्हणाले, 'अण्णा, बोलायचं होतं काय आणि बोललो काय, हे मेंदू सतत ताडून पाहतो. फरक दिसला की आत ठिणगी उडते. चारचौघांत तिलाच आपण भीड म्हणतो.' मी म्हटलं, 'मग विझवू या!' कानामागे लावायची भीडबंद पट्टी तयार केली. तडवी कुरकुरले, 'ही ठिणगी एकदा विझली की पुन्हा पेटायची नाही.' म्हटलं, 'भीड भिकेची बहीण! हवीय कुणाला?' पहिली पट्टी मी स्वतःलाच लावली. दुसऱ्या दिवशी भर सभेत मंत्र्याला सांगितलं, साहेब, तुमचा टोप उलटा बसलाय!"

सगळे खो खो हसले.

"मग वर्गाला लावली. अहो, काय बोलली पोरं! शिपायाशी फ्रेंच, भिंतीशी फ्रेंच. तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती. वर्षभर तोंडातून अक्षर नाही, औषधाचा डोस मात्र तीनदा मोजायची. ती तासभर थांबेना. मॅडमच्या डोळ्यांत पाणी."

"म्हणजे लागल्या नोकऱ्या!"

अण्णांनी चहा उगाच ढवळला. "महिन्याभरानं मॅडमच्या ध्यानात आलं. पहिल्या दिवशीच्या चुका तशाच होत्या. सुधारून दिलं की पोरं हसून हो म्हणायची आणि पुन्हा तेच बोलायची. चूक टोचतच नव्हती, तर सुटणार कशी? एकतीसच्या एकतीस नापास."

"फ्रेंच गेलं तर जाऊ दे. नर्स तर झाली ना पोरं?"

"नाही." अण्णांचा आवाज उतरला. "डोस मोजताना उडते ती ठिणगीही तीच. एकाही वॉर्डात त्यांना ठेवता येईना. तडवींनी दहा वर्षं उपाय शोधला. तो नाहीच. मॅडम गाव सोडून गेल्या. मी तरी काय करणार? मीही त्या पोरांमधलाच. पट्टी लावल्यापासून मलाही कधी काही टोचलं नाही."

अण्णांची मान खाली गेली होती. ते कपातल्या सायीकडे पाहत होते आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ते सगळ्यांना दिसत होतं, पण म्हाताऱ्या माणसाला तोंडावर म्हणायचं कसं?

सुगंधानं गुरुजींचा कप पुन्हा भरला, त्यात दोन चमचे साखर घातली आणि केस कानामागे सारले. तिथे एक चौकोनी पांढरा डाग होता.

"खोटं बोलताय, अण्णा," आणखी चहा हवा का, असं विचारावं तितक्या सहज ती म्हणाली. "पट्टी लावली असती, तर मान अशी खाली गेली नसती. आम्हा एकतीस जणांची कुठे जाते?"