उद्याच्या विमानाचं काय करायचं?

कानाच्या डॉक्टरांकडे वेटिंग रूममध्ये बसलेल्या त्या माणसाने तिसऱ्यांदा खुर्ची बदलली, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. आधी तो तिच्या उजव्या हाताला बसला होता. मग समोर जाऊन बसला. तिथे कोणी आजोबा मध्येच काठी टेकून उभे राहिले, तसा उठून थेट तिच्या डावीकडच्या खुर्चीत आला, हातात एक जुनं मासिक घेऊन. मासिक निदान उलटं धरलेलं नव्हतं, एवढीच काय ती त्याची जमेची बाजू.

एरवी तिने नाक मुरडून तोंड फिरवलं असतं. पण मांडीवर चार वर्षांची भाची होती, भाचीचा कान ठणकत होता आणि उद्या सकाळच्या विमानाची दोन तिकिटं पर्समध्ये होती. त्यातून ही बाई मुलखाची चौकस. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं तिचं काम. दिवसभर काचा बदलायच्या, ‘आता बरं दिसतं, की आता?’ असं विचारायचं, आणि समोरचा खरं बोलतोय की उगाच हो ला हो म्हणतोय ते ओळखायचं. अशा बाईला तीन खुर्च्यांचं कोडं गप्प कसं बसू देणार?

“काय नाव हिचं?” त्यानेच सुरुवात केली.

“भिंगरी. घरात सगळे तेच म्हणतात. एका जागी ठरत नाही ना... आज मात्र बघा कशी बसलीय.”

“कान?”

“कान. आणि उद्या सकाळचं पहिलं विमान.”

त्याचा चेहरा एकदम खुलला. “मग आपली गाठ पडणार म्हणायची. मी त्याच विमानावर असतो. पायलट नाही हं, चहा-पाणी बघणारा. पट्टे लावा, बॅगा वर ठेवा, रडणाऱ्या मुलांना हसवा.”

“रडणारी मुलं तुमच्या खात्यात येतात तर.”

“रडणाऱ्या मावश्यासुद्धा.”

मावशी हे त्याने बरोबर ओळखलं होतं, कारण भिंगरी मघापासून तिला ‘माऊ, माऊ’ म्हणून बिलगत होती. तरी तिला हसू आलं. हसू आलं याचा थोडा रागही आला.

“ए भिंगरी,” तो वाकून म्हणाला, “विमान खाली यायला लागलं की असं करायचं बरं का.” आणि त्याने आ वासून एक मोठी जांभई दिली. भिंगरीने त्याचं तोंड निरखून पाहिलं, आपलंही तोंड उघडलं, आणि अर्ध्या जांभईत कानावर हात दाबून हमसून हमसून रडू लागली.

तिने पोरीला छातीशी धरलं. बघते तर त्याच्या चेहऱ्यावरचं हसू साफ पुसलं गेलेलं. तो त्या छोट्याशा कानाकडे असा बघत होता, जणू दुखणं त्याच्या ओळखीचं होतं.

डॉक्टरबाईंनी कानात उजेड टाकून पाहिलं. पडदा लाल होता, सूज होती. औषध मिळेल, बरं होईल, त्यात काळजी नाही. पण विमानाचं विचारलं तेव्हा बाई खुर्चीत मागे टेकल्या.

“बरीच मुलं अशा कानाने जातात, काही होत नाही. काहींना उतरताना प्राणांतिक कळ येते. क्वचित पडदा फाटतो. तोही बहुतेकदा भरून येतो, पण मूल बिचारं सोसतं. मला विचाराल तर थांबा. पण अगदी बंदी घालावी असंही नाही. संध्याकाळी परत दाखवा, मग तुम्ही ठरवा.”

‘तुम्ही ठरवा’ हे दोन शब्द घेऊन ती बाहेर आली. नेमकं तिथेच तर घोडं अडलं होतं.

भिंगरीच्या आईला, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीला, दूरच्या शहरात नोकरी लागली होती. घर मिळेपर्यंत, शाळा बघेपर्यंत लेक मावशीकडे राहील असं ठरलं. त्याला आता चार महिने होत आले होते. भिंगरी मावशीची वेणी मुठीत धरून झोपायची. दुकानात काउंटरच्या मागे बसून चष्म्यांच्या रिकाम्या डब्यांची घरं बांधायची. उद्या तिला नेऊन पोचवायचं आणि एकटीने परत यायचं, हे मावशीला नकोसं झालं होतं. आणि अशात कान दुखायला लागला. पोर पहाटे रडत उठली, तेव्हा काळजीच्या आधी, अगदी निमिषभर, तिला आनंद झाला होता. त्या आनंदाची तिला आता लाज वाटत होती.

बाहेर रिमझिम होती. समोरच्या चहाच्या दुकानात आडोशाला तोच विमानवाला बसला होता. त्याची कानाची तपासणी संध्याकाळी होती. भिंगरी औषध पिऊन खांद्यावर पेंगत होती. मावशी त्याच्या समोर जाऊन बसली. बाकी सगळी बाकडी भरलेली होती, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं तर दोन रिकामी होती.

“तुम्ही रोज बघता म्हणून विचारते,” ती म्हणाली. “तुम्ही माझ्या जागी असता, तर हिला घेऊन गेला असता?”

“या की. मी आहे ना. पुढची सीट देतो, उतरायच्या आधी उठवतो, काहीतरी चघळायला देतो...”

उत्तर जरा जास्तच पटकन आलं. समोरचा अंदाजाने अक्षरं वाचायला लागला की तिला कळायचं, तसं तिला आताही काहीतरी कळलं. ती उठली, त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसली, भिंगरीच्या डोक्याआड तोंड केलं आणि नेहमीच्या आवाजात काहीतरी बोलली.

तो गोड हसला. “हो ना, छानच.”

“मी म्हटलं, तुमच्या शर्टाची बटणं वरखाली लागलीत.”

त्याने खाली पाहिलं. बटणं खरंच वरखाली होती. त्याने कपाळाला हात लावला.

“म्हणून खुर्च्या बदलत होता,” ती हळूच म्हणाली, आता त्याच्या समोर येऊन. “मला वाटलं...”

“काय वाटलं?”

“जाऊ दे. काय झालं कानाला?”

त्याने सगळं सांगितलं. सर्दी होती, तरी कामावर गेला. विमान खाली यायला लागलं आणि डाव्या कानात कोणी खिळा ठोकावा तशी कळ आली. हातात रिकामे कप गोळा करायची पिशवी, समोर माणसं, चेहऱ्यावर हसू ठेवणं भाग. त्याने ठेवलं. जमिनीवर टेकल्यावर आत काहीतरी फटकन वाजलं, आणि तेव्हापासून डावीकडचं जग रजईत गुंडाळल्यासारखं झालं होतं.

“मग उद्या कामावर कसे जाणार?”

“संध्याकाळच्या तपासणीत पास झालो की झालं. त्या खोलीला काच असते. आवाज आला की बटण दाबायचं. पण मशीनवाल्याचा हात काचेतून दिसतो.” तो ओशाळून हसला. “हात हलला की दाबायचं.”

“आमच्याकडे लोक अक्षरांच्या तक्त्याची शेवटची ओळ पाठ करून येतात.”

“मग तुम्ही काय करता?”

“मी तक्ता बदलते.”

तो यावेळी मनापासून हसला. मग भिंगरीकडे पाहत म्हणाला, “नका जाऊ. मघाशी मी म्हटलं ते सोडून द्या. मी एवढा घोडा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हिला तर कळणारही नाही, आपली माऊ हे का थांबवत नाही ते.”

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. “मघाशी या म्हणालात, आता नका म्हणता. कुठलं खरं धरू?”

“अडचण अशी आहे...” तो कपाच्या कडेवरून बोट फिरवू लागला. “मघाशी या म्हटलं, कारण उद्या तुम्ही माझ्या विमानात असाल असं वाटलं. आता माझं पितळ उघडं पडलं. मी काही उद्या जात नाही. त्यामुळे तुम्ही थांबलात तर... तेही मला आवडेलच. दोन्हीकडून माझाच फायदा. तुम्ही माझा सल्ला घेऊच नका.”

इतक्या सरळपणे कोणी तिच्याशी कधी बोललं नव्हतं. तिचे कान गरम झाले. आणि का कोण जाणे, जे बहिणीला सांगवलं नव्हतं ते या परक्या माणसापुढे तिच्या तोंडून निघून गेलं.

“माझाही सल्ला घेण्यासारखा नाही. मला हिला सोडवत नाहीये. हिचा कान दुखला तर मला बरं वाटलं... कळतंय का? मी थांबायचं ठरवलं, तर ते हिच्यासाठी की माझ्यासाठी, मलाच सांगता येत नाही.”

त्याने समजूत घातली नाही. नुसतंच म्हणाला, “कळतंय.” तिला तेवढं पुरलं.

संध्याकाळी कानाचा ठणका उतरला होता. भिंगरी दवाखान्याच्या फरशीवर गिरक्या घेत होती आणि विमानवाल्याला मोजायला लावत होती. तो मुद्दाम चुकत होता. डॉक्टरबाईंनी पुन्हा पाहिलं. “दुखणं औषधाने झाकलंय. पडदा आहे तसाच आहे.”

तिने बाहेर येऊन बहिणीला फोन लावला.

“ताई, खरं सांग,” बहीण म्हणाली, “कान दुखतोय, की तुझंच मन?” आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. “मी खोली रंगवून बसलेय गं. आताशा ती फोनवर माझ्याशी बोलायलाही येत नाही. अजून आठवडा गेला तर ती मला पाहुणी समजेल.”

ती भिंतीला टेकून उभी राहिली. भिंगरी गिरकी घेता घेता थांबली होती आणि एक हात नकळत कानाशी गेला होता. ते बघितलं आणि काय करायचं ते तिला लख्ख दिसलं.

“दोन्ही,” ती म्हणाली. “कान दुखतोय आणि माझं मनही. म्हणून मी तिला आणत नाही. तू ये. सुट्टी माग, मिळेल ते विमान पकड. कान बरा होईपर्यंत तू तिला सांभाळ. औषध तू द्यायचं, तिच्याजवळ तू झोपायचं. मी बाहेरच्या खोलीत झोपेन. बरी झाली की तूच घेऊन जा.”

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. “उद्याच निघते,” बहीण म्हणाली.

तिने फोन ठेवला. भिंगरीबरोबरचे उरलेसुरले दिवसही तिने देऊन टाकले होते. तेवढ्यात समोरच्या काचेपलीकडे विमानवाला तपासणीच्या खुर्चीत बसलेला दिसला, कानावर मोठे हेडफोन, हातात बटण. मशीनवाल्याचा हात त्याला अगदी समोर दिसत होता. त्याने काचेतून तिच्याकडे एकदा पाहिलं. आणि डोळे मिटून घेतले.

डाव्या कानाची पाळी आली, मशीनवाला कळ फिरवत राहिला. विमानवाल्याचा अंगठा बटणावर नुसताच होता, मिटल्या डोळ्यांचा तो माणूस शांत बसून होता. ती काचेला नाक लावून बघत होती. असल्या तपासण्या तिने शेकड्यांनी घेतल्या होत्या, पण कोणी नापास होताना आपल्याला इतका आवडेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

“निदान सहा आठवडे जमिनीवर,” तो बाहेर येऊन म्हणाला. “मग पुन्हा बघू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.”

बहीण आली. पहिल्या दिवशी भिंगरी मावशीच्या मागे लपली. मग हळूहळू आईच्या मांडीवर चढली. एका सकाळी चहा द्यायला म्हणून मावशी खोलीत गेली, तर पोर आईची वेणी मुठीत घट्ट धरून झोपली होती. ती चहा तसाच घेऊन परत फिरली. भरून आलं होतं, पण मन निवांत होतं.

विमानवाला रोज काही ना काही निमित्त काढून यायचा. कधी कानाची चौकशी, कधी चष्म्याची फ्रेम. त्याच्या नजरेत काडीचाही दोष नव्हता, तरी त्याने दोनदा डोळे तपासून घेतले. “आता बरं दिसतं, की आता?” तिने विचारलं, तर काचेआडून म्हणाला, “तुम्ही जरा जवळ आलात की बरं दिसतं.” तिने रागावून दिवा लावला. बहीण काउंटरशी उभी राहून खिदळत होती.

डॉक्टरबाईंनी कान बरा झाल्याचं सांगितलं, तशी मायलेकींची तिकिटं काढली गेली. मावशी आणि विमानवाला त्यांना पोचवायला विमानतळावर गेले. भिंगरीने आत जाताना वळून हात हलवला, आणि मग वळली नाही. विमान उडालं तरी दोघं बाहेरच्या बाकावर बसून राहिली. त्याने दोनदा कॉफी आणली, दोनदा निवली.

अखेर फोन वाजला. “पोचलो गं,” बहीण म्हणाली. “उतरताना ढाराढूर झोपली होती. आता विचारतेय, माऊ कधी येणार?”

फोन ठेवला आणि ती रडली. तोंड न लपवता, भर वर्दळीत. तो शेजारी बसून राहिला, उगाच खांद्यावर हात वगैरे ठेवला नाही. रडणं ओसरलं तेव्हा तिने पदराने नाही, त्याच्याच रुमालाने नाक पुसलं.

“मला तुम्हाला काहीतरी विचारायचं होतं,” तो म्हणाला. “पण आज नको. आज तुम्ही एकट्या पडलात. आज विचारलं तर तुम्ही कदाचित हो म्हणाल, आणि ते माझ्यासाठी की या रिकामपणासाठी, मला कळणार नाही.”

ती ओल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत राहिली. या माणसाला स्वतःच्या फायद्याची किती ती धास्ती.

“मी कालच तपासून ठेवलंय,” ती म्हणाली. “भिंगरी घरात होती, बहीण होती, घर भरलेलं होतं, तेव्हा. संध्याकाळी तुम्हाला यायला उशीर झाला आणि मी चारदा दारात जाऊन आले. रिकामं काहीच नव्हतं तेव्हा... तरी तुम्हीच हवे होता.”

त्याने उजवा कान तिच्या आणखी जवळ आणला.

“आता विचारा,” ती म्हणाली.