भोगावतीचा ताबा

होटगी रस्त्यावरच्या त्या रक्तपेढीत अभिमन्यू पोहोचला तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते, आणि त्याचा निम्मा उत्साह रिक्षातच संपला होता. पुण्यात बँकांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला इथं कशाला पाठवायचं, हे त्याला अजून कळलं नव्हतं. दोन सर्व्हर आणि एक स्टोरेज. एवढ्याशा कामासाठी तीन दिवस सोलापुरात.

स्वागताला चनबसप्पा होते. मूळचे मैंदर्गीचे, पन्नाशी उलटलेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. रक्तपेढीचं कॉम्प्युटरचं सगळं तेच बघायचे, म्हणजे काय बघायचे हे अभिमन्यूनं खोलीत पाऊल टाकताच ओळखलं. दोन्ही सर्व्हरवर खंडेनवमीचं हळदकुंकू तसंच होतं. वायरींना खुणेची चिठ्ठी म्हणून नव्हती. एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं.

"नावं काय ठेवलीत यांची?" त्यानं विचारलं.

"ही भीमा, ही सीना. नद्यांची नावं हायती की, सर." चनबसप्पांच्या आवाजात कौतुक होतं.

"वा. कल्पकता आहे," अभिमन्यू म्हणाला. ती दाद नव्हती, पण चनबसप्पा खूश झाले.

रचना सरळ होती. रक्ताच्या प्रत्येक पिशवीची नोंद एका सामायिक स्टोरेजवर राहायची. त्याचा ताबा एका वेळी एकाच सर्व्हरकडे. भीमा बंद पडली तर सीनानं तो लगेच उचलायचा, कामात खंड पडायचा नाही. पण इथं रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी भीमाच्या हातून ताबा सुटायचा आणि सीनाला मिळायचा नाही. नऊ मिनिटं सगळं ठप्प. मग आपोआप पूर्ववत. तक्रार ट्रस्टच्या नव्या सचिवांची होती. इथल्या लोकांनी गेल्या दीड वर्षात चकार शब्द काढला नव्हता.

"नऊ मिनिटं तुम्ही करता काय?"

"चहा घेतो," चनबसप्पा म्हणाले.

अभिमन्यूनं कपाळाला हात लावला.

पहिल्या दिवशी त्यानं केबल बदलल्या, स्विच तपासला, वीजपुरवठा तपासला. एक वाजून दहाला भीमा गेली. एक एकोणीसला परत आली. त्यानं स्टोरेजचा लॉग उघडला. त्या नऊ मिनिटांत ताबा मोकळा नव्हताच. तो तिसऱ्याच यंत्रानं घेतला होता. नाव होतं भोगावती.

"हे तिसरं मशीन कुठंय?"

"तिसरं कुटलं सर? दोनच हायती."

"लॉग खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

चनबसप्पांनी मान खाली घातली. तपासणी विभागातली यास्मीन दारात उभी होती, हातात नमुन्यांचा ट्रे. ती म्हणाली, "सर, भोगावती नावाचं काहीच इथं कधी आलं नाही. मी सुरुवातीपासून आहे."

"मग नदी स्वतःच आली असेल चालत," अभिमन्यू म्हणाला. त्यावर कुणी हसलं नाही. दुपारी चनबसप्पांनी डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं केली. त्यानं हातानंच नको म्हटलं आणि सात रस्त्याजवळच्या लॉजवर जाऊन सँडविच मागवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सापळा लावला. कुणीतरी चोरून लॅपटॉप जोडतंय, याची त्याला खात्री होती. एकला त्यानं सगळ्या नोंदींची प्रत घेतली, दोन्ही सर्व्हर बंद केले आणि स्टोरेजला येणारी प्रत्येक केबल काढून हातात धरली. फक्त विजेची तार ठेवली. दार आतून लावलं. खोलीत तो आणि चनबसप्पा.

एक वाजून दहा मिनिटांनी स्टोरेजवरचे हिरवे दिवे लुकलुकू लागले.

आधी एक, मग चौथा, मग सगळे, काम चालू असताना लागतात तसे. डिस्क फिरण्याचा बारीक आवाज. आणि ओल्या मातीचा वास, एसीच्या त्या सुक्या खोलीत. अभिमन्यूच्या हातातल्या केबलींची टोकं मोकळी लोंबत होती. त्यानं ती पुन्हा एकदा मोजली.

चनबसप्पा भिंतीला पाठ लावून हात जोडून उभे होते.

"हात काय जोडताय?" तो खेकसला. "स्टोरेज आपली आतली राहिलेली कामं उरकत असतं. साधी गोष्ट आहे."

एक एकोणीसला दिवे थांबले. त्यानं सगळं जोडून नवी प्रत काढली, जुनीशी ताडून पाहिली. हजारो ओळींत एकच बदल. दुधनीच्या शिबिरातल्या एका पिशवीचा गट 'ए'चा 'एबी' झाला होता.

यास्मीननं न सांगताच ती पिशवी काढली, तपासली. "एबीच आहे," ती म्हणाली. "टाइप करताना माझ्याकडून बी राहिला असेल." तिनं नवं लेबल छापून चिकटवलं. तिच्या हालचालीत सराव होता.

अभिमन्यूला आता उलगडलं. "म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे हे!"

"दर वेळी एकच ओळ बदलते, सर. आम्ही तपासून बघतो. आजवर एकदाही चुकलेली नाही. चुकलेले आम्हीच."

"लई जणांचा जीव वाचलाय सर," चनबसप्पा हळूच म्हणाले. "कुनाला सांगावं? हसतील लोक."

अभिमन्यू खरंच हसला. अडाणीपणाला हद्द असते, असं तो त्यांच्या तोंडावर म्हणाला. रक्तपेढीच्या नोंदी कुणीतरी बाहेरून बदलतंय आणि ही माणसं चहा पिऊन त्याला नमस्कार करतात! तो चनबसप्पांकडे वळला. "हे तुम्हीच करता ना? स्वतःचं महत्त्व टिकवायला?"

चनबसप्पांचा चेहरा पडला. "मला टीवीसुदिक नात लावून देती, सर," ते म्हणाले आणि बादलीतलं पाणी फेकायला बाहेर गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अभिमन्यूनं काम संपवलं. ताब्याच्या जुन्या सगळ्या नोंदी पुसल्या, संकेतशब्दांच्या नव्या किल्ल्या घातल्या, भीमा आणि सीना सोडून जगातल्या कुठल्याही यंत्राला स्टोरेज दिसणार नाही अशी व्यवस्था केली. मग मुद्दाम भीमाची तार उपटून दाखवली. सीनानं चार सेकंदांत ताबा उचलला. भीमा परत जोडली. सगळं नेटकं झालं होतं.

एक दहा झाले. काहीच बंद पडलं नाही. एक एकोणीस झाले.

"बघा," तो म्हणाला. "गेली तुमची नदी."

यास्मीन म्हणाली, "सर, मग आजच्या सगळ्या पिशव्या मी हातानं पुन्हा तपासते."

"तपासा. तेच तुमचं काम होतं."

तो सर्व्हरच्या खोलीतच अहवाल लिहीत बसला. साडेचार वाजता यास्मीन धावत आली. तिनं हातातला कागद त्याच्यापुढं धरला.

"एक चुकलीय. नोंद ओ, नमुन्यात बी. आणि ती पिशवी इथं नाहीये, सर. एक पाचला गेली. अक्कलकोट रस्त्यावरच्या प्रसूतिगृहात. बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता, डॉक्टरांनी लिहून दिलं म्हणून जुळणी न करताच दिली."

अभिमन्यूनं घड्याळ पाहिलं. साडेतीन तास झाले होते.

यास्मीननं तिथल्या सिस्टरला मोबाइल लावला आणि स्पीकर चालू केला.

"ती पिशवी लावलीत?"

"नाही ना, मॅडम. तुमच्याच नंबरावरून फोन आला की, एक दहाला. काउंटरच्या फोनवर."

"आम्ही नाही केला. कोण बोललं?"

"बोललं कुणीच नाही. नुसती घरघर. पण खाली ठेवावासाच वाटेना. हातात पिशवी घेऊन तशीच उभी राहिले बघा. तेवढ्यात आतून डॉक्टर म्हणाले, रक्त थांबलं, राहू दे. बाई बरी आहे."

अभिमन्यूनं मोबाइल यास्मीनच्या हातातून घेतला.

"किती वेळ चालला तो फोन?"

"चालूच आहे, सर. दोनदा ठेवून बघितला. उचलला की तीच घरघर. आता टेबलावर काढून ठेवलाय."

"ऐकवा मला."

सिस्टरनं आपला मोबाइल त्या रिसीव्हरजवळ धरला असावा. आधी खरखर झाली. मग आवाज स्थिर झाला.

सर्व्हरच्या पंख्यांची घरघर होती. एसीचं पाणी बादलीत टपकत होतं.

त्यानं आपल्या बादलीकडे पाहिलं. थेंब पडला. पण तो फोनमध्ये आधीच ऐकू आला होता.

मग फोनमध्ये फरशीवरून लोखंड ओढल्याचा कर्कश आवाज झाला. आणि चनबसप्पांचा आवाज, अगदी जवळून, कधी नव्हे इतका मायेचा:

"सर, आदी खाली बसा."

अभिमन्यू गर्रकन वळला. चनबसप्पा दाराशी उभे होते. त्यांचे ओठ मिटलेले होते.

त्यांच्या खिशातला फोन वाजू लागला. त्यांनी तो काढून कानाला लावला.

"व्हय," ते म्हणाले. "पुण्याहून का? सरांच्या घरनं? व्हय, सर हितंच हायती."

ऐकता ऐकता त्यांची नजर अभिमन्यूवर येऊन थांबली. मग त्यांनी फोन खाली घेतला, कोपऱ्यातली लोखंडी खुर्ची धरली आणि फरशीवरून ओढत त्याच्याकडे आणू लागले.